तिसऱ्या मजल्याचं दार

३ फेब्रुवारी

चि. पान्यास,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद देणं हे तुझं काम आहे हे मला ठाऊक आहे, पण मी आठ वर्षांनी मोठी आहे, तेव्हा आधी माझे घे.

वि. वि. तुझ्या पुस्तकाची प्रुफं काल टपालाने आली. जेवण झाकून ठेवून वाचायला बसले आणि मलपृष्ठावरच अडखळले. ‘लेखकाचा परिचय’ वाचून मला प्रश्न पडला की हा गृहस्थ कोण? म्हणे, बालपणापासून भक्तिमय वातावरणात वाढलेला. म्हणे, वयाच्या सातव्या वर्षीच त्याला प्रभूची हाक ऐकू आली. अरे, सातव्या वर्षी तू खालच्या दंतवैद्यांची दारावरची घंटा खोलून तिचे तुकडे पलंगाखाली लपवले होतेस. त्या दिवशी जी हाक आली ती दंतवैद्यांची होती, आणि ती सगळ्या गल्लीने ऐकली.

अकरा वर्षं तू लिफ्ट दुरुस्त केल्यास. त्याचा परिचयात एक अक्षरही उल्लेख नाही! खिशात पाना घेऊन जेवायला बसायचास म्हणून तर तू पान्या झालास. तुझे शर्ट मी धुतले आहेत, वंगणाचे डाग कुठल्या साबणाने जातात ते मला विचार. हातात पाना धरलेला माणूस पुढे पाळक झाला यात लपवण्यासारखं काय आहे? येशूही सुताराच्या घरातच वाढला ना?

आता भाषेविषयी. नवी नऊ प्रकरणं मी स्वतः टाइप केली आहेत, त्यामुळे तुझं वाक्य मला अंधारातही ओळखू येतं. ‘राग आला की आधी बसावं. उभ्या माणसाचा राग वाढतो.’ हे तुझं. ‘क्षमा मागायला जाताना हातात काही नेऊ नये. हात मोकळे असावेत.’ हेही तुझं, आणि छान आहे. पण जुन्या साप्ताहिक पत्रकांची जी कात्रणं तू प्रकाशकांकडे परस्पर पाठवलीस, त्यांचं त्या संपादकबाईंनी काय करून ठेवलंय बघ. पान बेचाळीसवर ‘जीवनाच्या खवळलेल्या सागरात श्रद्धेची इवलीशी नौका हेलकावे खात असता’ असं काहीतरी आहे. तुला तलावातल्या होडीत बसवलं तरी मळमळतं! पान सत्तरवर ‘निराशेच्या घनदाट अरण्यात आशेचा काजवा’ लुकलुकतोय. हे वाचून कोणाची प्रार्थना सुधारणार आहे?

मी संपादकबाईंना चार पानी पत्र लिहून ठेवलं आहे. पाच मार्चला पुस्तक छपाईला जातंय, तेव्हा वेळ थोडा आहे. सोमवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर टाकते.

तुझ्या गुडघ्यांना तेल लावतोस का? की त्यांच्यासाठीही नुसती प्रार्थनाच चालू आहे?

कळावे. माया आहेच, राग उतरला की वाढवीन.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

स. न. वि. वि. तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं. दंतवैद्यांच्या घंटेपाशी ती इतकी हसली की शेजारच्या आजी चौकशीला आल्या. त्यांना मी सांगितलं की ताईंचं पत्र आलंय. त्या लगेच परत गेल्या, त्यांना सवय आहे.

गुडघ्यांना तेल लावतो. प्रार्थनाही करतो. दोन्हीचा परिणाम सारखाच आहे.

संपादकबाईंना ते पत्र इतक्यात टाकू नकोस, ही हात जोडून विनंती. त्यांनी खरंच काही बदललं की नाही ते मी आधी जुनी कात्रणं काढून ताडून बघतो. न तपासता सही करायची नाही, एवढं एक मी आयुष्यात शिकलो आहे. कुठे शिकलो ते तुला सांगायला नको.

त्यावरूनच एक विचारायचं आहे. तुला मी पाठवलेल्या वहीत सतरावं प्रकरण होतं, ‘तिसऱ्या मजल्याचं दार’. प्रुफात ते नाही. अनुक्रमणिकेतही नाही. वहीतल्या यादीत अठरावं होतं ते इथे सतरावं झालंय आणि चोवीसची तेवीस प्रकरणं झाली आहेत. टाइप करताना पानं चिकटली असतील किंवा पाकिटात मागे राहिली असतील. वही पुन्हा एकदा उलगडून बघशील का?

ताई, ते प्रकरण राहून चालणार नाही. तुझ्या कचेरीच्या इमारतीतल्या लिफ्टची महिन्याची तपासणी माझ्याकडे होती. सहा मजल्यांची सहा दारं. दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, त्यासाठी प्रत्येक दाराला एक कुलूप असतं. त्या दिवशी मी पाच कुलुपं उघडून पाहिली. तिसऱ्या मजल्याचं पाहिलं नाही आणि तपासणीच्या कार्डावर सहाही बरोबर असल्याची सही केली, कारण उपासनेच्या गायनाच्या सरावाला उशीर होत होता. देवाच्या दारात मी वेळेवर पोचलो. चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावर दार उघडं असतानाच लिफ्ट हलली आणि आपल्या लिफ्टमनची उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत ठरलं की दोष त्याचाच. चौतीस वर्षं तो माणूस निष्काळजी म्हणून जगतोय आणि मी दर रविवारी उभा राहून लोकांना खरं बोलायला सांगतोय.

हे एक प्रकरण लिहिता यावं म्हणून मी बाकीची तेवीस लिहिली, असं म्हटलंस तरी चालेल.

पानं सापडली की कळव. तुझा ओरडा खाण्याइतकी तब्येत ठणठणीत आहे.

तुझाच,
पान्या


१४ फेब्रुवारी

चि. पान्यास,

आशीर्वाद. वि. वि. पानं चिकटली नाहीत आणि पाकिटातही राहिली नाहीत. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. अनुक्रमणिका मीच पुन्हा टाइप केली. आता तू ओरड, मी ऐकून घेते. तुला ओरडता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच एवढं धैर्य.

का केलं ते सांगते. दोन वर्षांत तू निवृत्त होशील. तीस वर्षं ज्या मंडळीची लग्नं लावलीस, ज्यांच्या आईबापांना मूठमाती दिलीस, त्यांच्या हातात तू हे देणार? तुझ्यापुढे मान खाली घालणारे उद्या तुझ्या पाठीमागे माना एकमेकांजवळ आणतील. त्या मागच्या बाकावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना तर वर्षभराचा विषय मिळेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपली आई उगाच म्हणायची नाही.

आणि त्या लिफ्टमनचं तरी काय भलं होणार आहे? ऐंशीला टेकला असेल. त्याच्या जुन्या दुखण्यावरची पट्टी तू आत्ता ओढणार, ती त्याच्यासाठी की तुझ्या जिवाला थंडावा म्हणून? हे पाळकाला विचारण्याचं धाडस मंडळीत कोणी करणार नाही, म्हणून मी विचारते.

राहता राहिलं माझं. त्या चौकशीचा अहवाल कोणी टाइप केला हे तू प्रकरणात लिहिलेलं नाहीस. तू ते सोडून दिलंस हे माझ्या लक्षात आलं आणि तुझे उपकार मानू की तुला दोन लगावू हे कळेना. अपघाताच्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलास आणि कुलूप बघितलं नव्हतं असं मला सांगितलंस. तोंड उघडायचं नाही अशी शपथ मी तुला घातली. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी अहवाल सांगितला आणि मी तो टाइप केला. नोकरी होती, टाइप करायला ठेवलं होतं. त्यानंतर पंधरा वर्षं मी त्याच लिफ्टने रोज चौथ्या मजल्यावर जात होते. तो डाव्या हाताने दार लावायचा. मी मजल्यांचे आकडे बघत उभी राहायची.

तेव्हा ते प्रकरण खणातच बरं आहे. परिचयात अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या एवढं आलं की माझं समाधान होईल.

संपादकबाईंचं पत्र मी टाकलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी, पण आधी. त्यात मी त्यांना विचारलंय की मराठीचं शिक्षण मिठाईच्या दुकानात झालं का.

कळावे. रागवायचं असेल तर सविस्तर लिही, एका ओळीचे राग मला आवडत नाहीत.

ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

स. न. वि. वि. रागावलो नाही. चार दिवस काय लिहावं ते कळेना म्हणून उशीर.

सोपी गोष्ट आधी. जुनी कात्रणं काढली आणि प्रुफांशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. संपादकबाईंनी एक स्वल्पविरामही हलवलेला नाही. नौका कात्रणातच आहे. काजवाही.

ताई, ती वाक्यं तुझी आहेत. मी पाळक झालो तेव्हा पहिली तीन वर्षं पत्रकाचा मजकूर तुला दाखवल्याशिवाय छापायला देत नव्हतो, आठवतं का? मी लिहायचो की संकटात माणूस घाबरतो, तेव्हा त्याने एकट्याने घाबरू नये. तू लाल पेन्सिलीने ते खोडून त्यावर सागर आणायचीस. कॉन्व्हेंटमधल्या तुझ्या सिस्टर म्हणायच्या ना, की उपमेवाचून वाक्य म्हणजे कपड्यांवाचून पोर, तसं घराबाहेर पाठवू नये. तू माझी सगळी पोरं नटवून धाडलीस. पुस्तक करताना ती साधी करायचं मनात आलं होतं, पण लाल पेन्सिल दिसली आणि हात झाला नाही. परिचयही तुझाच आहे. माझ्या दीक्षेच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी तू लिहिला होतास, प्रकाशकांनी तिथूनच जसाच्या तसा उचलला. सातव्या वर्षाची हाक त्यांनी नाही, तू मारलीस.

हे वाचून तू पाणी पिऊन ये. पुढचं मग वाच.

मी असा तुटक का लिहितो हे परवा मला एका तरुण पाळकाने विचारलं. त्याला वाटलं की काही मोठी साधना असेल. मी त्याला सांगितलं की लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत भिंतीला एक कार्ड टांगलेलं असतं. त्यावर चार रकाने: तक्रार काय, काय सापडलं, काय केलं, काय राहिलं. खाली सही. रकाना बोटभर. पुढचा मेकॅनिक अर्ध्या उजेडात ते वाचून तारेला हात लावणार असतो, त्याला काजव्याचा उपयोग नसतो. अकरा वर्षं तेच लिहिलं, मग प्रवचनंही तशीच सुचू लागली. प्रार्थनाही मी तशीच करतो. चौथ्या रकान्यापाशी सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तू म्हणतेस की परिचयात फक्त लिफ्टचं येऊ दे. ताई, ते अर्धं लावलेलं दार झालं. अर्ध्या लावलेल्या दाराने लिफ्ट हलली की काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. ‘ख्रिस्ती माणसाने कसं जगावं’ असं सांगणाऱ्या पुस्तकातून मी ते एक प्रकरण गाळलं, तर चौतीस वर्षांनी मी दुसऱ्यांदा न बघता सही करतोय.

मी हे माझ्या जिवाला थंडावा म्हणून करतोय का, असं तू विचारलंस. असेलही. मी तपासलं आणि थोडं तसं सापडलं. पण त्याच्या नावापुढे जे लिहिलं गेलं ते खोडायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

तरी तुझ्या मनाविरुद्ध ते प्रकरण मी छापणार नाही. अहवालाचा विषय निघाला की तुझंही नाव निघेल, ते मी परस्पर काढणं बरोबर नाही. पण त्याच्याशिवाय पुस्तकही काढणार नाही. पाच तारखेच्या आत तू हो म्हणालीस तर छापू, नाहीतर प्रकाशकांना कळवीन की थांबवा. त्यात तुझ्यावर राग नसेल. गुडघ्याची शपथ.

लाल पेन्सिलीसकट तुझाच,
पान्या


२५ फेब्रुवारी

चि. पान्यास,

आशीर्वाद. वि. वि. पाणी प्यायले. दोन पेले.

संपादकबाईंना माफीचं पत्र लिहायला बसले तर माफीतही उपमा आली. फाडलं. दुसरं लिहिलं. ‘ती वाक्यं माझीच निघाली. तुमचा दोष नव्हता. मी न तपासता लिहिलं.’ तीन वाक्यं. बघ, तुझा रोग मला लागला.

पण तुझं पत्र आलं त्या रात्रीपासून मला दुसरंच एक वाक्य छळतंय, ते तुला ठाऊक नाही. तुला काय, कोणालाच नाही. अहवाल सांगताना साहेब म्हणाले होते की लिफ्टमनची चूक. एवढंच. चूक. टाइप करताना मला ते उघडं वाटलं. मी ‘लिफ्टचालकाचा अक्षम्य निष्काळजीपणा’ असं केलं. साहेब वाचून खूश झाले, म्हणाले की बाईंची भाषा काय ठसठशीत आहे. पान्या, खोटं तर मी टाइप केलंच, वर त्याला दागिने घातले. नौका आणि काजव्याला हसताना मी कोणाला हसत होते?

मग मी तुला न विचारता एक काम केलं. जुन्या कचेरीच्या रखवालदाराकडून पत्ता काढला आणि काल सकाळी लिफ्टमनकडे गेले. निघताना बिस्किटांचा पुडा घेतला होता. तुझं ते वाक्य आठवलं आणि पुडा कोपऱ्यावरच्या बाकावर ठेवून दिला. सांगते तुला, मोकळ्या हातांनी जिना चढणं फार कठीण. हातांचं काय करावं तेच कळत नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन जिने चढून, दोन खोल्या आहेत. मुलगी शिवणकाम करते, खिडकीशी तिचं मशीन, भोवती अर्धे शिवलेले शाळेचे गणवेश. तो आरामखुर्चीत बसला होता, उजवा हात पंचाखाली. मी नाव सांगायच्या आत मला बघून म्हणाला, चौथा मजला. मुलीला वाटलं म्हातारा भ्रमिष्टासारखं बोलतोय. मला वाटलं, आल्या पावली परत जावं.

मुलीने चहा केला. मला कपात, त्याला स्टीलच्या पेल्यात. तो हसून म्हणाला की आमच्याकडे मला फुटणारं काही देत नाहीत, घरात कप फुटला की कोणी बघायच्या आधी माझं नाव ठरलेलं. मुलगीही हसली. म्हणाली की मला मुलगी झाली तेव्हा वर्षभर मी बाळ बाबांच्या हातात दिलं नाही, पाडतील म्हणून. घरातला जुना विनोद आहे तो, त्यांच्या मते.

मग मी सांगितलं. तुझं कुलूप, तुझी सही, माझ्या स्वयंपाकघरातली शपथ, अहवाल. बसून सांगता येईना, उभं राहून सांगितलं. मशीन थांबलं. तो म्हणाला की मेकॅनिकचं मला माहीत होतं. तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी त्याने दारं पुसली तेव्हा पाच कुलुपांच्या झाकणांवर तुझ्या वंगणाची बोटं उमटली होती आणि तिसऱ्या मजल्याच्या झाकणावर जुनी धूळ तशीच होती. हे त्याने चौकशीत सांगितलं होतं. साहेब म्हणाले, विचारलं तेवढंच बोल. आणि मग तो माझ्याकडे बघून म्हणाला की बाई, तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसला होतात, मी धूळ म्हणालो तेव्हा तुमची पेन्सिल थांबली.

पान्या, थांबली होती. मी ते विसरले होते. विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, ते देवाला माहीत.

त्याने मुलीला कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढायला लावली. त्यात अहवालाची प्रत. ‘अक्षम्य’चा अर्थ तेव्हा त्याने कचेरीच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या कारकुनाला विचारला होता. कारकुनाने सांगितलं, ज्याला माफी नाही असं. मी म्हटलं, तो शब्द साहेबांचा नाही, माझा. तेव्हा मात्र त्याने मान वर केली. विचारलं, एवढा मोठा शब्द कशाला, बाई? चूक म्हटलं असतं तर पुरलं नसतं का? चौतीस वर्षांत मला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो म्हणाला की पंधरा वर्षं तुम्हाला वर नेत होतो, रोज वाटायचं की आज बोलतील. तुम्ही आकडे बघायच्या.

मुलगी उठली. त्याच्यापुढचा स्टीलचा पेला उचलून आत नेला, चहा कपात ओतून आणला आणि पंचा बाजूला करून कप त्याच्या उजव्या हातात दिला. अंगठा आणि एक बोट. थेंब सांडला नाही.

त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. निघताना त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पुस्तकात धुळीचं आलं पाहिजे, आणि हेही की त्याने ते तेव्हाच सांगितलं होतं. दुसरं, पुस्तक टपालाने पाठवायचं नाही. मेकॅनिकने स्वतः आणून द्यायचं. पाळकसाहेब होऊन येऊ नका म्हणावं, मेकॅनिक होऊनच या.

सतरावं प्रकरण टाइप करून आजच प्रकाशकांकडे पाठवलं आहे. अहवाल कोणी टाइप केला तेही घातलं. तो एक शब्द कोणाचा तेही. तुझ्या परवानगीशिवाय. बाकीच्या वाक्यांना मी हात लावलेला नाही. पोरं तशीच धाडली आहेत.

कळावे. आज माझ्याकडे द्यायला काही नाही, तूच थोडी माया पाठव.

ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,

स. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. बायकोने एकदा वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

धुळीचं मला माहीत नव्हतं. तो जाणून होता, हे मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी समजत होतो की सत्य माझ्याकडे आहे आणि मला ते त्याला द्यायचंय. ते त्याच्याकडेच होतं, कपाटात, पिशवीत. मी लिहिलेल्या प्रकरणात हीच मोठी चूक होती. ते दुरुस्त करून प्रकाशकांना कळवलं.

मला त्याच्यापुढे उभं राहायची भीती वाटते. हे मी मंडळीपुढे सांगू शकत नाही, तुला सांगतो. तू आधी गेलीस. मी लहान असताना अंधाऱ्या जिन्यात तूच आधी पाय टाकायचीस.

मंडळीच्या पंचांना काल बोलावून सगळं सांगितलं. छापील कळण्याआधी तोंडी कळलेलं बरं. दोघे उठून गेले. तुझे निवृत्त पोस्टमास्तर शेवटपर्यंत बसले, मग म्हणाले की माझ्या हातूनही एकदा एक तार वेळेवर पोचली नव्हती, आणि रडायला लागले. त्यांच्याविषयी वाईट लिहू नकोस.

मलपृष्ठ अजून रिकामं आहे. जुना परिचय मी काढायला लावला. पाच तारखेच्या आत नवा हवा, आणि तो तूच लिहावास असं मला वाटतं. संपादकबाई म्हणाल्या की ताईंनी लिहिला तर त्यांना आनंद होईल, फक्त मिठाई कमी. तुझं पत्र त्यांनी फाडलेलं नाही, टेबलावर काचेखाली ठेवलंय.

तुझ्या मागोमाग चालणारा,
पान्या


२ मार्च

चि. पान्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पोस्टमास्तरांविषयीचे शब्द मी मागे घेते. सगळे नाही, अर्धे.

परिचय सोबत आहे. सात वेळा लिहिला. पहिल्यात सूर्योदय होता, दुसऱ्यात नुसती पणती. कॉन्व्हेंटच्या सिस्टर स्वप्नात येऊन कान पिळतील, पण समास सोडून, स्वच्छ अक्षरात लिहिलंय, तेवढं त्यांचं समाधान. रकाने तुझे घेतले. काही खोडायचं असेल तर लाल पेन्सिल तुझ्याकडे आहेच, आता तुझी पाळी.

भीती वाटते म्हणतोस, तर मी जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत येईन. वर मात्र तू एकट्याने जायचंस. हातात पुस्तक चालेल, कारण ते त्याने मागितलंय. दुसरं काही नको.

कळावे. या वेळी माया आधी, राग पुढच्या पत्रात पाहू.

तुझी,
ताई

सोबत: मलपृष्ठासाठी

लेखकाचा परिचय

तक्रार: एका लिफ्टमनची तीन बोटं गेली. दोष त्याच्यावर आला.

काय सापडलं: हे पुस्तक लिहिणारा माणूस तेव्हा लिफ्ट दुरुस्त करत असे. त्याने सहापैकी पाच कुलुपं पाहिली आणि सहांसाठी सही केली. लिफ्टमनने खरं सांगितलं होतं. लेखकाच्या बहिणीने ते ऐकलं आणि लिहिलं नाही.

काय केलं: लेखक पुढे पाळक झाला. तीस वर्षं लोकांची दुःखं ऐकली. प्रत्येक रविवारी प्रवचन दिलं. चौतीस वर्षांनी सतरावं प्रकरण लिहिलं.

काय राहिलं: पहिली प्रत घेऊन स्वतः जाणं. दोन जिने आहेत. लिफ्ट नाही.